लिंपणाचा मान

पाटीवर अजून शाल होती, पण तिच्याखाली काय कोरलंय हे पिंपळीत सगळ्यांना ठाऊक होतं. 'हे गुऱ्हाळ कै. मानसिंगराव यांनी सन १९३४ मध्ये बांधले.' आणि त्याखाली बारीक अक्षरांत, 'संशोधन : प्राची नागेश, इंदापूर.' त्या बारीक ओळीनं आठ दिवस प्रगतीला अन्न गोड लागू दिलं नव्हतं.

रविवार सकाळ होती. गुऱ्हाळाच्या अंगणात भाड्याच्या लाल खुर्च्या मांडल्या होत्या, भावकी येऊन बसली होती आणि प्रगती ट्रेमधून चहा फिरवत होती. सून असली की कार्यक्रम कुणाचाही असो, ट्रे तिच्याच हातात येतो. मागं गुऱ्हाळाची दगडी भिंत, वर पत्रा, पत्र्याच्या वर धुराडं. बाकीचा ऊस कारखान्याला जायचा, पण चाळीस दिवस इथलं चुलवाण, रस आटवायची भट्टी, अजून पेटायचं आणि इथल्या गुळासाठी बारामतीहून गाड्या यायच्या.

दोन वर्षांपूर्वी प्रगतीनंच पहिल्यांदा विषय काढला होता. बारामतीच्या कॉलेजात तिनं इतिहास घेऊन बी.ए. केलं होतं. "आत्या, आपल्या गुऱ्हाळाचा इतिहास मी लिहू का? जुनी कागदं काढते, म्हाताऱ्या माणसांना इचारते," असं ती सासूला म्हणाली होती. प्रयागबाईंनी भाकरी थापता थापता वरही पाहिलं नव्हतं. "घरच्या सुनेनं घरच्या भिंती उकरायच्या नसत्यात," एवढंच म्हणाल्या आणि पुढची भाकरी टाकली.

सहा महिन्यांनी धाकट्या चुलत सासऱ्यांची लेक प्राची पुण्याहून आली. आर्किटेक्ट, गळ्यात कॅमेरा, हातात टेप. तिनं तोच विषय काढला आणि सासऱ्यांनी, रामहरीआबांनी, कमरेची गुऱ्हाळाची किल्ली काढून तिच्या हातात ठेवली. प्रयागबाईंनी तिला आवडतात म्हणून शेंगोळे केले. टेपचं दुसरं टोक धरायला मात्र वहिनी लागली. चार दिवस प्रगतीनं ते टोक धरलं. उन्हात उभं राहून, भिंतीला टेकवून, "ताई, आता धरू का?" असं विचारत. ज्या भिंती ती चौदा वर्षं झाडत होती, त्यांची लांबी तिला परक्या तोंडून ऐकावी लागली. तिचा जळफळाट झाला. दुसरा शब्द नाही त्याला.

पण तिच्याकडं एक गोष्ट होती जी प्राचीकडं नव्हती.

या घरात एक रीत होती. हंगाम सुरू व्हायच्या आधी चुलवाणाचं तोंड, म्हणजे जिथून उसाची चिपाडं आत सारतात ती जागा, शेणमातीनं लिंपायची ती थोरल्या घरच्या सुनेनं. गडीमाणसानं नाही, लेकीनं नाही, धाकट्या घरच्या सुनेनं तर नाहीच. एकदा लिंपलं की जाळ पेटेपर्यंत दुसऱ्या कुणी त्याला बोट लावायचं नाही. भावकीत याला लिंपणाचा मान म्हणत. प्रयागबाईंनी तो चौतीस वर्षं सांभाळला आणि प्रगती लग्न होऊन आली त्या साली तिच्या हातात दिला.

त्या पहिल्याच साली जुना थर खरवडताना तोंडावरच्या आडव्या दगडावर तिला अक्षरं लागली होती. ओल्या फडक्यानं पुसून तिनं वाचलं होतं : 'मुक्ताबाई कोम मानसिंगराव हिने बांधिले.'

नवऱ्याला, अविराजला, तिनं विचारलंही होतं, "मुक्ताबाई कोण हो?" आबांच्या आजीचं नाव वेगळंच होतं. अविराजची शिफ्टची वेळ झाली होती. "आसंल कुणीतरी," म्हणून त्यानं मोटारसायकलला किक मारली आणि तो एमआयडीसीतल्या डेअरीत निघून गेला. प्रगतीनं दगड पुन्हा लिंपला. पहिली एक-दोन वर्षं ती ते विसरूनच गेली. मग हळूहळू तिला ते आपलं वाटायला लागलं. एवढ्या मोठ्या घरात फक्त आपल्याला ठाऊक असलेलं एक नाव आहे, या विचारानं लिंपताना तिला बरं वाटायचं. आणि प्राची आली तेव्हापासून ते नाव तिनं मुद्दाम दाबून ठेवलं होतं.

प्राचीनं विचारलं नव्हतं असं नाही. "वहिनी, एवढाच भाग राहिलाय. हे लिंपण जरा काढून बघता येईल का?"

"न्हाय ओ ताई. त्याला थोरल्या सुनेशिवाय कुणी हात लावत न्हाय."

"मग तुम्हीच काढा ना. तुम्हाला तर चालतं."

"आता हंगामाशिवाय न्हाय काढत," प्रगती म्हणाली होती. आणि प्राचीनं रीत म्हणून गुमान वहीत लिहून घेतलं होतं.

*

रामहरीआबा पहिल्या रांगेत नवा फेटा बांधून बसले होते. वय बहात्तर, पण आज त्यांना जावयासारखं वाटत होतं. शेजारी धाकटा भाऊ नागेश. नागेशला शाळा मिळाली, आबांना बैलं मिळाली. नागेशची पोरगी पुण्यात इमारतींचे नकाशे काढते, आबांचा अविराज दुधाच्या कॅनवर शिक्के मारतो. आयुष्यभर आबांच्या घशात हा घास अडकलेला होता. पण वाटणीत गुऱ्हाळ थोरल्याकडं आलं होतं. आज्जाचं नाव लागणार होतं ते आपल्या दारात, आणि त्याचा पुरावा नागेशच्या पोरीनं आपल्यासाठी शोधून आणला होता. यापेक्षा गोड सूड माणसाला कुठं मिळतो?

नागेशतात्याही हसत होते, पण त्यांचं लक्ष शालीच्या खालच्या कडेकडं होतं. इंदापूरला त्यांची डाळिंबं कितीही लाल होवोत, पिंपळीत आले की ते धाकटेच असायचे. चुलवाण पेटवायचं ते आबांनी, पहिली ढेप देवापुढं ठेवायची ती आबांनी. आज निदान खालच्या ओळीत का होईना, इंदापूर हा शब्द या भिंतीवर चढणार होता.

"तुझी पोरगी नाव काढती बग," आबा म्हणाले.

"तुमचीच हाय की," तात्या म्हणाले. दोघांनीही एकमेकांकडं पाहिलं नाही.

प्राची माईकपाशी उभी राहिली. तिच्या हातात बत्तीस पानांची पुस्तिका होती. वहिनीला आपण आवडत नाही हे तिला कळत होतं. शहरातली म्हणून असेल, असं तिनं धरून चाललं होतं. तिला स्वतःला वहिनीचा हेवा वाटत होता हे मात्र ती कुणाला सांगत नव्हती. लहानपणी दिवाळीत इथं आली असताना तिनं चिखलात हात घातला होता, तेव्हा मोठ्या आईनं, प्रयागबाईंनी, तो हात बाहेर काढून धुतला होता. "तू लेक हायस बाळा. तू परक्या घरची." या भिंती तिनं इंच इंच मोजल्या, तरी त्या लिंपायचा मान सोयरीक जुळवून आणलेल्या बाईचा.

"पाटबंधारे खात्याच्या जुन्या दप्तरात मला पणजोबांचा पाणी अर्ज सापडला," ती सांगू लागली. "सन एकोणीसशे चौतीस. त्यात 'माझे नवीन गुऱ्हाळ' असे शब्द आहेत. म्हणून हे आपण खात्रीनं म्हणू शकतो की ही इमारत मानसिंगरावांनीच—"

"चूक हाय ते."

आवाज मोठा नव्हता, पण पहिल्या रांगेपर्यंत पोचला. प्रगतीच्या हातात रिकामा ट्रे होता.

"काय चूक हाय?" आबांनी मान वळवली.

"मानसिंगरावांनी न्हाय बांधलं आबा. अर्ज त्यांच्या नावावर आसंल. अर्ज काय, कुणीबी करतंय."

अविराज खुर्चीतून अर्धा उठला. "आगं, गप बस की. काय चाललंय तुझं?"

"वहिनी, तुमच्याकडं काही कागद आहे का?" प्राचीनं विचारलं. ती चिडली नव्हती, आणि त्याचाच प्रगतीला जास्त राग आला.

"कागद न्हाय. या माझ्यासंगं."

ट्रे खुर्चीवर ठेवून ती चालू लागली. भिंतीत खोचलेलं खुरपं तिनं उपसलं आणि चुलवाणासमोर गुडघे टेकले. लिंपण परवाचंच होतं, तिनंच केलेलं, अजून आतून ओलसर. मागून खुर्च्या सरकल्या. सगळी भावकी भोवती गोळा झाली.

"प्रगती." प्रयागबाईंचा आवाज होता. "ऱ्हाऊ दे."

"जाळ न्हाय पेटला अजून," कुणीतरी पुटपुटलं. "अपशकुन व्हतोय."

प्रगतीनं खुरपं चालवलं. थर चांगला जाड होता. परवाचा निघाला, त्याखाली जुना कडक काळा निघाला. घामानं तिचे केस कपाळाला चिकटले. आयुष्यात पहिल्यांदा पन्नास माणसं ती काय करते ते बघत होती, आणि तिला ते इतकं आवडलं की ती मुद्दाम सावकाश खरवडू लागली. मग पदरानं दगड पुसला आणि बाजूला झाली.

प्राचीनं खाली बसून मोठ्यानं वाचलं. "मुक्ताबाई कोम मानसिंगराव हिने बांधिले. शके अठराशे छप्पन." तिनं बोटांवर हिशोब केला. "म्हणजे चौतीसच. साल तेच आहे. कोम म्हणजे बायको. जुन्या दप्तरात असंच लिहितात. पण पणजीचं नाव तर..."

"मुक्ताबाई कोण?" तात्यांनी आबांना विचारलं.

आबांचा चेहरा उतरला होता. फेट्याखाली तो एकदम म्हाताऱ्या माणसाचा दिसला. त्यांनी सुनेकडं पाहिलं.

"तुला कवा दिसला ह्यो दगड?"

या प्रश्नाची तयारी प्रगतीनं केली नव्हती. आठ दिवस तिनं फक्त प्राचीचं तोंड पडेल तो क्षण रंगवला होता, त्याच्या पुढं ती गेलीच नव्हती. "लगीन झालं त्या साली," ती म्हणाली.

"म्हंजे चौदा वरसं. ही पोरगी वरीसभर दप्तरं पालथी घालत हुती, मी गावभर सांगत सुटलो हुतो, पाटीचा दगड आणला. तवा का न्हाय बोललीस? आज का?"

उत्तर सगळ्यांना कळलं होतं. बायकांतल्या एकीनं दुसरीच्या कानात काहीतरी सांगितलं आणि दोघी प्राचीकडं बघून मग प्रगतीकडं बघायला लागल्या. प्रगतीचे कान तापले.

प्राचीचं तोंड काही पडलं नाही. ती दगडासमोर पालथी पडून फोटो काढत होती, अंगावरच्या साडीची तमा न बाळगता. "वहिनी, हे केवढं मोठं आहे तुम्हाला कळतंय का? एका बाईनं बांधलेलं गुऱ्हाळ. माझी पुस्तिका गेली कचऱ्यात, जाऊ दे. सगळं नव्यानं लिहिते मी." ती खरोखरच आनंदात होती. प्रगतीला वाटलं, आपण हिला पाडायला गेलो आणि आपल्याकडं होतं नव्हतं तेही हिच्या पदरात घालून बसलो.

*

पुरुषमाणसं अंगणात वाद घालायला गेली. पाटी आज उघडायची की नाही, हा वाद संध्याकाळपर्यंत पुरेल इतका मोठा होता. प्रगती गुऱ्हाळाच्या आत जाऊन काहिलीपाशी बसली. त्या भल्या मोठ्या कढईच्या काठावर हात ठेवून ती रडत नव्हती, नुसती बसली होती. थोड्या वेळानं प्रयागबाई आल्या आणि शेजारी टेकल्या.

"ती माझ्या आज्जेसासूची सवत," त्या म्हणाल्या. "मुक्ताबाई. पयली बायकू."

प्रगतीनं मान वर केली.

"आंगावरचं सगळं सोन्याचं डाग मोडलं तिनं, आन् ह्ये उभं केलं. सोता जाळ घालायची म्हनं. गुळव्याच्या आधी तिला कळायचं आधण आलं का न्हाय ते. पर मूल न्हाय झालं. मंग दुसरी आणली. दुसरीला पोरगं झालं आन् ही लोणी भापकरला म्हायेरी गेली ती गेलीच. दुसरीला रोज जाळासमोर सवतीचं नाव बघायला लागायचं. तिनं एक दिस त्याच्यावर शेण थापलं. वरसाला जाळानं तडकायचं, वरसाला ती थापायची. म्हातारी झाली तवा सुनेला सांगितलं, दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नगंस. त्योच ह्यो आपला मान."

चौदा वर्षं भावकीतल्या बायकांसमोर प्रगती ज्या मानानं छाती काढून मिरवत होती, तो एका बाईच्या पोटातल्या जळण्याचा निघाला. आणि तो सुनेच्या हातून सुनेच्या हातात आजवर येत राहिला होता.

"तुमाला ठाऊक हुतं," ती अखेर म्हणाली.

"पयल्या सालापासून. मला वाचता कुठं येतंय? पर सासूबाईंनी समदं कानात सांगितलं, आन् म्हणाल्या, लिंपून टाक, जास्त इचारू नगंस. चौतीस वरसं मी लिंपलं. दर साली वाटायचं, ह्यास्नी सांगावं. ह्ये आज्जाचं नाव सांगत चारचौघांत बसायचे आन् माझ्या जिभंवर यायचं. धीर न्हाय झाला."

"म्हणून मला लिहू दिलं न्हाय?"

काहिलीतली धूळ प्रयागबाईंनी बोटानं पुसली.

"आज खोटं कशाला बोलू? घराची अब्रू जाईल म्हणून न्हाय. तू शिकलेली. तू कागद घेतलास की महिन्यात समदं सांगून मोकळी झाली आसतीस. मला जन्मात जमलं न्हाय ते तुला जमणार, ह्ये मला बघवंना. त्या पोरीला दगड कवा दिसला नसता, म्हणून ह्यांनी तिला किल्ली दिली तवा मी आडवं आले न्हाय. आसं हाय ते."

सासूनं सुनेपुढं असं कबूल करावं हे त्या घरात कधी घडलं नव्हतं. प्रगतीनं ते ऐकलं. तिला वाईट वाटलं, हेही खरं. पण वाईट वाटण्याच्या खाली दुसरंच काहीतरी उकळत होतं. उन्हात टेपचं टोक धरून उभं राहिलेले ते चार दिवस, आणि ते शेंगोळे.

"एक कर," प्रयागबाई म्हणाल्या. "आता ती इचारंल, दगड कुणाला कुणाला ठाऊक हुता. तवा सांग की आत्यांनाबी ठाऊक हुता म्हणून. ह्ये चिडतील, चिडू दे. माझ्या तोंडानं न्हाय निघायचं. तू सांगितलंस तर निघंल. आठ्ठेचाळीस वरसं झाली या घरात, मला नुसती भाकरी थापायला येत नव्हती येवढं तरी कळू दे कुणाला."

बाहेरून प्राची आत आली. साडीला माती, हातात वही. मागोमाग आबाही दाराशी येऊन थांबले. त्यांनी फेटा काढून काखेत धरला होता.

"पाटी बदलायची ठरली," प्राची म्हणाली. "आबाच म्हणाले. मुक्ताबाईंचं नाव लागणार. आणि वहिनी, खाली माझं नाव नको. शोध तुमचा आहे, नाव तुमचंच लागेल. फक्त एक विचारते, कारण नीट लिहायला हवं. तुमच्या आधी घरात कुणाला हे ठाऊक होतं का?"

प्रयागबाईंनी पदर सारखा केला. त्या नवऱ्याकडं बघत नव्हत्या, जमिनीकडं बघत होत्या, आणि नाव पुकारलं जाणार असलेल्या मुलीसारख्या ताठ बसल्या होत्या.

प्रगतीनं आबांच्या चेहऱ्याकडं पाहिलं. आज या माणसाला पुरेसं झालंय, बायकोनंही लपवलं हे त्याला कशाला कळायचं, असं तिनं मनाशी म्हटलं. चांगलं कारण होतं. इतकं चांगलं की दुसऱ्या कुणाला ते खरंही वाटलं असतं.

"न्हाय," ती म्हणाली. "मीच पयली."

प्रयागबाईंची मान किंचित हलली. आबांनी त्यांच्याकडं पाहून विचारलं, "तुला गं? चौतीस वरसं लिंपलंस, तुला न्हाय दिसलं कवा?"

"मला कुठं वाचता येतंय," प्रयागबाई म्हणाल्या. गुडघ्यावर हात देऊन त्या उठल्या आणि पाहुण्यांच्या जेवणाचं बघायला बाहेर गेल्या.

प्राची काहिलीच्या काठावर वही टेकवून लिहू लागली. आपलं नाव पूर्ण लिहिलंय ना, हे प्रगतीनं वाकून पाहिलं.